ग्रीसमधला बर्फ : शहरात पडतो तो आणि डोंगरावर उरत नाही तो

पिरेअसकर

दर हिवाळ्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ॲक्रोपोलिसवर बर्फ पडल्याचे फोटो फिरतात आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "जग तापतंय म्हणतात ना, मग तिकडे बर्फ कसा?" दोन ओळींत उत्तर देण्यासारखा प्रश्न नाही, म्हणून धागाच काढतोय. मी जहाजांच्या देखभालीचं काम बघतो. ऑफिस पिरेअस बंदरात, घर अथेन्सच्या उत्तरेला मारूसीत. हवामान हा माझा पेशा नाही, पण उमेदीची वर्षं बोटीवर गेल्यामुळे वारा आणि ढग बघायची सवय लागली ती कायमची.

आधी एक गोष्ट. ग्रीस म्हटलं की आपल्याला निळा समुद्र आणि पांढरी घरं दिसतात, पण हा देश मुळात डोंगरांचा आहे. उत्तरेला फ्लोरिना, कोझानी, कास्तोरिया या भागात दरवर्षी कडाक्याची थंडी पडते. प्तोलेमाइदाला जानेवारी १९६३ मध्ये पारा उणे २७.८ पर्यंत गेल्याची नोंद आहे. दक्षिणेला क्रीटमध्येही लेफ्का ओरी आणि प्सिलोरितिस हे डोंगर २४०० मीटरच्या वर जातात. मार्चमध्ये खाली संत्र्याच्या बागा असतात आणि वर शिखरं पांढरी. म्हणजे बर्फ इथे पाहुणा नाही.

अथेन्सचं मात्र वेगळं आहे. रशिया-युक्रेनकडून थंड, कोरडी हवा ईशान्येचा वारा होऊन एजियन समुद्रावर येते. भर हिवाळ्यातही या समुद्राचं पाणी १४-१५ अंशांच्या आसपास असतं. समुद्राचा पृष्ठभाग आणि साधारण दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानात १३ अंशांहून जास्त फरक पडला की पाण्याची वाफ झपाट्याने वर चढते आणि वाऱ्याच्या दिशेने ढगांचे लांबच लांब पट्टे तयार होतात. वाटेत पहिला अडथळा एविया बेटाचा. तिथे किमी गावाच्या बाजूला बर्फ कोसळतो. उरलेला पार्निथा आणि पेन्तेलीच्या डोंगरांवर आणि त्यांच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या उपनगरांवर. पट्टा वीस किलोमीटर इकडे सरकला की तिकडे कोरडं. मारूसीत गुडघाभर आणि पिरेअसला नुसता पाऊस, असं मी बघितलं आहे. बर्फ पडतानाच वीज कडाडते, तो आवाज दबल्यासारखा येतो.

फेब्रुवारी २०२१ चं 'मेदिया' वादळ अथेन्सकरांच्या चांगलंच लक्षात आहे. ओला, जड बर्फ होता. इथल्या पाईनच्या झाडांना तो भार झेपत नाही. रात्रभर फांद्या मोडल्याचे कडकड आवाज येत होते. तुटलेली झाडं विजेच्या तारांवर पडली आणि उत्तरेच्या उपनगरांत काही ठिकाणी अनेक दिवस अंधार होता. अथेन्सच्या रस्त्यांवर दुतर्फा कडू संत्र्यांची झाडं आहेत, आणि हिवाळ्यात ती फळांनी लगडलेली असतात. आमच्या समोरच्या आजी अंगावर गाऊन आणि डोक्याला रुमाल अशा अवतारात खाली आल्या आणि केरसुणीच्या दांड्याने एकेक फांदी हलवून बर्फ पाडत होत्या. त्यांचं एकही झाड मोडलं नाही. गल्लीतली बाकीची मोडली.

२४ जानेवारी २०२२ ला 'एल्पिदा' आलं. शहराभोवतीच्या अत्तिकी ओदोस या टोलरस्त्यावर हजारो लोक गाड्यांमध्ये अडकले, कित्येकांची रात्र तिथेच गेली. लष्कर बोलवावं लागलं. पंतप्रधान मित्सोताकिस यांनी जाहीर माफी मागितली आणि रस्ता चालवणाऱ्या कंपनीने अडकलेल्या प्रत्येक गाडीमागे २००० युरो द्यायचं मान्य केलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये 'बार्बरा'. सलग तीन हिवाळे मोठा बर्फ झाल्यामुळे लोकांना वाटलं की थंडी परतली.

परतलेली नाही. लगेच पुढचा, म्हणजे २०२३-२४ चा हिवाळा ग्रीसच्या नोंदींमधला सर्वात उबदार ठरला. डोंगरांवरचा बर्फ नावापुरता राहिला, स्कीची केंद्रं ऐन जानेवारीत बंद. मला जे सांगायचं आहे ते हेच. शहरात बर्फ पडतो तेव्हा फोटो निघतात. डोंगरावर तो पडत नाही तेव्हा कोणी फोटो काढत नाही. आणि या देशाचं पोट डोंगरावरच्या बर्फावर चालतं. ते कसं, हे पुढच्या प्रतिसादात लिहितो, आता बोट गोदीत लागते आहे.

अनुराधा_बाणेर

फार छान धागा. केरसुणीच्या दांड्याच्या आजी डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. पुढचं लवकर लिहा.

सह्यकडा

माहितीबद्दल धन्यवाद, पण निष्कर्षाशी सहमत नाही. तुम्हीच सलग तीन वर्षं मोठा बर्फ पडल्याचं सांगताय आणि एका उबदार हिवाळ्यावरून थंडी गेली म्हणताय. चार वर्षांवरून काही ठरवता येत नाही. १९६३ ला थंडी, मध्ये ऊब, परत थंडी, असं चक्र असू शकतं. युरोपात मध्ययुगात उबदार काळ होता, नंतर थंडीचा काळ आला, हे तर शाळेतही शिकवतात.

मृगनक्षत्र

मी निवृत्त आहे, आयुष्य हवामानाच्या नोंदी ठेवण्यात गेलं, म्हणून थोडं लिहितो.

सह्यकडा यांचा चार वर्षांचा मुद्दा बरोबर आहे. एका हिमवादळावरून तापमानवाढ खोटी ठरत नाही, तशी ती एका उबदार हिवाळ्यावरून खरीही ठरत नाही. लांबची नोंद बघावी लागते. युरोप खंड १९८० च्या दशकापासून जगाच्या सरासरीच्या साधारण दुप्पट वेगाने तापतो आहे. कोपर्निकस या युरोपीय संस्थेच्या नोंदीनुसार २०१९-२० चा हिवाळा १९८१-२०१० च्या सरासरीपेक्षा ३.४ अंशांनी उबदार होता. हिवाळ्याच्या पूर्ण तीन महिन्यांच्या, पूर्ण खंडाच्या सरासरीत ३.४ अंश म्हणजे प्रचंड फरक. त्याआधीचा उबदारपणाचा उच्चांक २०१५-१६ चा होता, तो जवळपास दीड अंशाने मोडला.

आता बर्फ जास्त का पडतो ते. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. समुद्र उबदार असेल तर खालून वाफही जास्त मिळते. अशा स्थितीत उत्तरेकडून एकदा थंड हवा आली आणि जमिनीजवळ तापमान शून्याच्या आसपास राहिलं, तर जेवढं बाष्प आहे तेवढं बर्फ म्हणून पडणार. म्हणजे बर्फाचे दिवस कमी होतात, पण पडतो तेव्हा दणकून पडू शकतो. यात विरोधाभास नाही. पुढे तापमान आणखी वाढलं की तोच ढग पाऊस देईल. सखल भागात ते आधी होईल, उंचावर नंतर.

थंड हवा मुळात खाली का उतरते, याबद्दल मात्र एकमत नाही. उत्तर ध्रुवावर तीसेक किलोमीटर उंचीपर्यंत हिवाळ्यात वाऱ्याचा एक मोठा भोवरा फिरत असतो. कधी कधी तिथली हवा काही दिवसांत अचानक तापते, भोवरा विस्कटतो आणि त्यानंतर काही आठवड्यांत थंडी दक्षिणेला सांडते. फेब्रुवारी २०१८ मध्ये असं झालं आणि महिनाअखेरीस रोममध्ये बर्फ पडला. आर्क्टिक तापल्यामुळे असे प्रकार वाढतात, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात; काहींना ते पटत नाही. माझं मत विचाराल तर पुरावा अजून पुरेसा नाही आणि तो मुद्दा पक्का असल्यासारखा सांगू नये.

झुरिकची_सानिका

मृगनक्षत्र काका, फार सोपं करून सांगितलंत.

सह्यकडा, चक्राच्या मुद्द्यावर एक अभ्यास सांगते, मला तो फार आवडला. आल्प्समध्ये जमिनीला चिकटून सरपटणारं जुनिपरचं झुडूप असतं. उंची जेमतेम गुडघ्याएवढी, पण शेकडो वर्षं जगतं. हिवाळाभर ते बर्फाखाली गाडलेलं असतं आणि बर्फ वितळून अंगावर ऊन पडल्याशिवाय वाढायला लागत नाही. बर्फ जितका जास्त दिवस, तितकी त्या वर्षीची खोडातली कडी बारीक. इटलीतल्या पादुआ विद्यापीठाच्या संशोधकांनी या कड्या मोजून ६०० वर्षांतला बर्फाचा काळ काढला. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला : हल्ली बर्फ जमिनीवर टिकण्याचा काळ लांबच्या सरासरीपेक्षा ३६ दिवसांनी कमी झाला आहे आणि त्या सहा शतकांत असं कधीच झालं नव्हतं. तुम्ही म्हणता तो थंडीचा काळ या ६०० वर्षांत येऊन गेला. चढउतार होते, पण आत्ताची घसरण त्या चढउतारांत बसत नाही.

इथली परिस्थिती सांगते. १००० मीटरच्या खालचे स्कीचे उतार पार अडचणीत आले आहेत. १ जानेवारी २०२३ ला वॉर्सामध्ये १८.९ अंश होतं! तेव्हा आमच्याकडे हिरव्यागार डोंगरावर मशीनने केलेल्या बर्फाची पांढरी पट्टी आणि तिच्यावरून घसरणारी माणसं, असं दृश्य होतं. इटलीत तर जवळजवळ ९० टक्के उतारांवर यंत्रांचा बर्फ आहे. त्यालाही मुबलक पाणी लागतं आणि बाहेर थंडी लागतेच, उबदार दमट हवेत ती यंत्रं निरुपयोगी. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्समधल्या पिरेनीजमध्ये एका ठिकाणी वरून हेलिकॉप्टरने बर्फ आणून खाली टाकला होता, त्यावरून खूप गदारोळ झाला. उलट ज्युरा डोंगरातल्या मेताबिएफ गावाने सरळ ठरवलं की येत्या काही वर्षांत स्की बंद करून दुसरे उद्योग उभे करायचे. मला त्या गावाचा फार आदर वाटतो. ज्यावर तीन पिढ्या जगल्या ते सोडायला धाडस लागतं.

आणि हिमनद्या. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांचा १० टक्के बर्फ गेला. दोन वर्षांत दहा टक्के. मुलीला दाखवायला ऱ्होन हिमनदीवर नेलं तर उन्हाळ्यात तिच्यावर पांढरी कापडं पांघरली होती, बर्फ कमी वितळावा म्हणून. ती म्हणाली, "आई, हिला ताप आलाय का?" मला उत्तर सुचलं नाही.

आइंडहोवनचा_बाळू

हॉलंडमधून हजेरी. इथे डोंगर नाही, इथे कालव्यांवरचा बर्फ. उत्तरेच्या फ्रीसलँड प्रांतात अकरा गावांना जोडणारी जवळपास २०० किलोमीटरची स्केटिंगची शर्यत होते, एल्फस्टेडेनटोख्त. होते म्हणजे, व्हायची. संपूर्ण मार्गावर १५ सेंटिमीटर जाडीचा बर्फ असेल तरच घेतात. १९०९ पासून फक्त १५ वेळा झाली आणि शेवटची ४ जानेवारी १९९७ ला. १९६३ च्या शर्यतीत नऊ हजारांहून जास्त लोक उतरले होते. वादळ आणि थंडी इतकी की त्यांपैकी फक्त ६९ जणांनी शर्यत पूर्ण केली, ती गोष्ट इथलं शेंबडं पोरही सांगतं.

माझ्या शेजाऱ्यांनी १९९७ ची पूर्ण केली होती. त्यांचे स्केट अजून माळ्यावर आहेत आणि दर डिसेंबरला ते खाली काढून पात्यांना धार लावतात. पुलाखाली बर्फ पातळ असतो तिथे काठावर चढून सतरंजीवरून स्केट घालूनच चालत जायचं, हे त्यांनी मला करून दाखवलं. चारपाच दिवस सलग पारा शून्याखाली गेला की टीव्हीवर बर्फाच्या जाडीचे आकडे येतात, सगळा देश आशेवर असतो. मग पाऊस येतो. आता पस्तिशीच्या आतल्या माणसांना ती शर्यत पाहिल्याचं आठवतही नाही.

अवांतर : जर्मनीत वेलीवरच गोठलेल्या द्राक्षांची वाइन करतात, त्यासाठी उणे ७ अंश लागतात. २०१९ च्या हंगामात देशातल्या एकाही विभागात ती करता आली नाही. पहिल्यांदाच.

द्राक्षबाग_निफाड

बाळूभाऊ, द्राक्षाचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमचा आणि त्या समुद्राचा थेट संबंध आहे, हे इथे फार लोकांना माहीत नसतं. ज्याला आपण पश्चिमी विक्षोभ म्हणतो ती हवा भूमध्य समुद्राच्या पट्ट्यातूनच निघते, इराण-अफगाणिस्तानवरून येते, हिमालयात बर्फ टाकते आणि कधी खाली उतरली की आमच्यावर अवकाळी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट कोणताच बागायतदार विसरणार नाही. माल काढणीला आलेला आणि वरून गारा. मणी फुटले, दुसऱ्या दिवसापासून बागेत आंबूस वास. त्यामुळे तिकडच्या हिवाळ्यात काय चाललंय ते मी मोबाईलवर बघत असतो. मृगनक्षत्र साहेब, तिकडचा हिवाळा बदलला तर विक्षोभांचं काय होणार?

मृगनक्षत्र

दादा, प्रश्न मोलाचा आहे. हे विक्षोभ पश्चिमेकडून येणाऱ्या वरच्या थरातल्या वेगवान वाऱ्यावर स्वार होऊन येतात. तो वारा उत्तर-दक्षिण सरकला की यांची वाटही सरकते. ते हिवाळ्याऐवजी मार्च-एप्रिलपर्यंत लांबताना दिसतात. तेव्हा जमीन तापलेली असते, म्हणून गारांचा धोका वाढतो. पण ग्रीसमध्ये अमुक झालं म्हणून पंधरा दिवसांनी निफाडला तमुक होईल, असं गणित मांडता येत नाही. औषध फवारणी आणि काढणीचे निर्णय जवळच्या अंदाजावरच घ्या.

पिरेअसकर

सगळ्यांचे आभार, आता राहिलेलं.

अथेन्सचं पिण्याचं पाणी मुख्यतः मोर्नोस धरणातून येतं. शहरापासून कालव्याने आणि बोगद्यांनी जवळपास १९० किलोमीटर. त्या धरणावर ग्योना आणि वार्दुसिया हे सुमारे २५०० मीटर उंचीचे डोंगर आहेत. तिथला बर्फ एप्रिल-मेमध्ये हळूहळू विरघळतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर धरणात येतो. भूमध्य प्रदेशात उन्हाळ्यात पाऊस नसतो, त्यामुळे डोंगरावरचा बर्फ ही खरी साठवण. २०२३-२४ च्या हिवाळ्यात तो नव्हता आणि पाठोपाठचा उन्हाळाही ग्रीसच्या नोंदींमधला सर्वात उष्ण. सप्टेंबर २०२४ मध्ये मोर्नोसचं पाणी इतकं खाली गेलं की धरणात बुडालेलं काल्लियो गाव वर आलं. मी बघायला गेलो होतो. घरांच्या दगडी भिंती, उंबरे, चिखल वाळून पडलेल्या भेगा. काठावर एक म्हातारे गृहस्थ मुलाला हाताने दाखवत होते की आपलं घर ते, विहीर तिकडे.

क्रीटचं तर याहून नाजूक. तिथले डोंगर चुनखडीचे, भेगांनी पोखरलेले. बर्फ वितळतो तो थेंबाथेंबाने जमिनीत मुरतो आणि महिन्यांनी पायथ्याच्या झऱ्यांतून बाहेर पडतो. तेवढंच पाणी मुसळधार पाऊस म्हणून दोन दिवसांत पडलं तर बराचसा भाग ओढ्यांनी समुद्रात. सप्टेंबर २०२३ मध्ये 'डॅनियल' वादळात पेलियन डोंगरावरच्या झागोरा गावात २४ तासांत ७५४ मिलिमीटर पडला. मध्य ग्रीसमधल्या थेसालीच्या मैदानाचा मोठा भाग पाण्याखाली गेला, माणसं गेली, मेंढरं गेली. वर्षाची बेरीज कागदावर भरून निघेल, पण तहान त्याने भागत नाही. म्हणून सह्यकडा, 'बर्फ पडला की नाही' याहून तो किती दिवस टिकला आणि कुठे टिकला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

झाडांचंही तेच. ऑलिव्हला मोहर धरायला हिवाळ्यात ठरावीक गारवा लागतो. तो नीट मिळाला नाही की फूल कमी. उत्तर ग्रीसमधल्या नाउसाच्या पीच बागांचीही हीच चिंता.

गुहागरकर

हे तर आमच्या हापूसचंच दुखणं! रात्री गार झाल्या नाहीत की मोहराऐवजी पालवी फुटते. तुमच्याकडचे शेतकरी काय उपाय करतात?

पिरेअसकर

काही जण उंचावर नव्या बागा लावतायत, काही जण कमी गारव्यावर फळणारे वाण. पण शंभर वर्षांचं ऑलिव्ह उचलून वर नेता येत नाही.

तेजस्विनी_लंडन

धागा उत्तम चालला आहे. एक बाजू राहिली म्हणून लिहिते. बर्फाचे फोटो म्हटलं की मला जानेवारी २०१७ आठवतो. ग्रीसच्या लेस्व्होस बेटावरच्या मोरिया या निर्वासितांच्या छावणीत सीरिया, अफगाणिस्तानहून आलेली माणसं साध्या उन्हाळी तंबूत राहत होती आणि त्यांच्यावर बर्फ पडला. तंबू ओझ्याने खाली बसले. त्या महिन्याच्या शेवटी छावणीत आठवडाभरात तिघे दगावले. ऊब मिळावी म्हणून तंबूत जे पेटवलं त्याच्या धुराने, असा संशय होता. थंडी येणार हे सगळ्यांना आठवडाभर आधी माहीत होतं. अंदाज अचूक होता. हिवाळे सौम्य झाले म्हणून यंत्रणा ढिल्या होतात आणि मग एकच लाट येते, ती सगळ्यात आधी अशा लोकांवर. अत्तिकी ओदोसवर अडकलेल्यांना पैसे मिळाले, याचा आनंदच आहे. तंबूतल्यांना काय मिळालं?

सह्यकडा

तेजस्विनीताई, हे माहीत नव्हतं. वाचून वाईट वाटलं.

जुनिपरचा अभ्यास शोधून वाचला. कड्यांवरून बर्फाचे दिवस काढायची पद्धत पटली. ६०० वर्षांचा मुद्दा मान्य. शेवटी कारण काय किती टक्के, यावर माझे अजून प्रश्न आहेत, पण त्यासाठी वेगळा धागा काढेन, हा भरकटवत नाही.

अनुराधा_बाणेर

पिरेअसकर, आम्ही दोघं फेब्रुवारीत दहा दिवस येतोय. यांना ग्रीसमध्ये बर्फ बघायचाच आहे. कुठे जावं? अथेन्समध्ये मिळेल का?

पिरेअसकर

अथेन्सच्या भरवशावर येऊ नका. जानेवारी-फेब्रुवारीत इथे उलट स्वच्छ उन्हाचे, वारा पडलेले दिवस असतात, त्यांना लोक अल्कियोनचे दिवस म्हणतात. पुराणकथेतल्या त्या पक्ष्याला अंडी उबवता यावीत म्हणून देवांनी समुद्र शांत केला, अशी गोष्ट आहे. फिरायला ते फार छान.

बर्फासाठी डोंगरातलं मेत्सोवो गाव आणि तिथून पुढे झागोरीची दगडी गावं. उंच सुळक्यांवरच्या मठांचं मेतेओरा वाटेतच लागतं, एक मुक्काम तिथे करा. वेळ कमी असेल तर पार्नासोसच्या पायथ्याचं अराखोवा, अथेन्सहून तीन तासांच्या आत. डेल्फीही शेजारीच, एका दिवसात दोन्ही होतं. भाड्याची गाडी घेणार असाल तर चाकांच्या साखळ्या आधीच मागून घ्या आणि त्या बसवायच्या कशा ते दुकानातच शिकून घ्या. बर्फ असला की पोलीस साखळ्यांशिवाय वर सोडत नाहीत. निघण्याच्या तीन दिवस आधी मला व्यक्तिगत निरोप करा, त्या आठवड्यात डोंगरावर किती बर्फ आहे ते बघून सांगतो. आणि मूगडाळीचं एक पाकीट आणलंत तर घरी जेवायला या.